प्रति: डीएमआयडीकोडमधला मॅक्स स्पीड

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की डीएमआयडीकोड (हार्डवेअरची माहिती दाखवणारी लिनक्स कमांड) दाखवतं तो 'मॅक्स स्पीड' म्हणजे प्रोसेसरचा टर्बो वेग, थोडा वेळ गाठता येणारा कमाल वेग. तसं नाही. एसएमबायोसच्या (फर्मवेअर, म्हणजे बायोस, हार्डवेअरची माहिती ज्यात ठेवतं ते तक्ते) टाइप ४, म्हणजे प्रोसेसरच्या, नोंदीत हे फील्ड प्रोसेसरच्या त्या सॉकेटला सिस्टिम जास्तीत जास्त किती वेग देऊ शकते ते सांगतं, आणि 'करंट स्पीड' हा बूटच्या वेळचा वेग असतो. दोन्ही आकडे फर्मवेअर भरतं, त्यामुळे चालू वेग हवा असेल तर सिसएफएसमधल्या (कर्नलची माहिती फाइलींसारखी दाखवणारी /sys डिरेक्टरी) सीपीयूफ्रेकमध्येच बघा.

कोअरच्या संख्येबद्दल एक भर. त्याच नोंदीत ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) २३एच (एच म्हणजे हेक्स) वरचं 'कोअर काउंट' फक्त एक बाइट आहे. २५६ किंवा जास्त कोअर असतील तर तिथे एफएफ (२५५) असतं आणि खरी संख्या २एएच वरच्या दोन बाइटांत, कमी किमतीचा बाइट आधी. ही सोय एसएमबायोस ३.० पासूनची. स्वतःची स्क्रिप्ट लिहिताना हे विसरलं की मोठ्या सर्व्हरवर २५५ कोअर दिसतात. तपासायला रूटने 'डीएमआयडीकोड -यू -टी ४' चालवा: हेक्स बाइटांच्या तिसऱ्या ओळीतला चौथा बाइट (२३एच), मग अकरावा-बारावा (२एएच). नोंदीची लांबी मात्र आधी पाहा. जुन्या ४२ बाइटांच्या नोंदीत २एएच वरचं फील्ड नसतंच, पुढचं वाचलंत तर नोंदीनंतर येणाऱ्या मजकुराची (स्ट्रिंगची) अक्षरं संख्या म्हणून हाती येतील.