मदत हवी आहे: दातांच्या तपासणीची नोंद टॅबवर करावी की केसपेपरवर?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात नौपाड्याला आमचं दोन खुर्च्यांचं दातांचं क्लिनिक आहे. एका खुर्चीवर सासरे, दुसरीवर मी. बाबांच्या केसपेपरांचं कपाट भिंतभर. माझ्याकडे गेल्या दिवाळीपासून टॅब, त्यात तपासणीची यादी, बोट लावलं की टिक. यावरून रात्री जेवताना चर्चा होते. (वाद म्हणत नाही, बाबाही इथे वाचतात.)

श्रावणात वागळे इस्टेटमधले एक काका दाढ दुखते म्हणून आले. खालची डावी पहिली दाढ, म्हणजे आमच्या दातांच्या नंबरांत ३६. रूट कॅनाल केलं. माझ्या टॅबवर जीभ, गाल, टाळू, जिभेखालचा भाग, सगळ्यांपुढे 'नॉर्मल' आधीच भरून येतं. काही वेगळं दिसलं तरच बदलायचं. मी काही बदललं नाही. काका कॅप बसवायला आले तेव्हा मी सुट्टीवर होते. बाबांनी सवयीने जुना केसपेपर काढला. त्यावर दोन वर्षांपूर्वीचं त्यांचं अक्षर: "डावा गाल आतून, पांढरट चट्टा, शेंगदाण्याएवढा. तंबाखू तिथेच धरतो. सोडायला सांगितले. पुन्हा बघणे."

चट्टा होताच, आणि वाढलेला. बायोप्सी केली. सुदैवाने गंभीर काही निघालं नाही, पण आता काकांना दर तीन महिन्यांनी बोलावतो.

मी त्या दिवशी गाल बाजूला करून पाहिलं होतं का, हे मला आठवत नाही. टॅबवरूनही कळत नाही. पाहून नॉर्मल आणि न पाहता नॉर्मल, दोन्ही दिसायला सारखेच. तेच डोक्यातून जात नाहीये.

मग केसपेपरच बरा म्हणावं, तर तसंही नाही. बाबांना जे दिसतं ते ते झकास लिहितात, पण जे विचारायचं राहिलं त्याची कागदावर जागाच नसते. एका आजींची दाढ काढायच्या आधी टॅबने मला अडवलं: रक्त पातळ करणारी गोळी? विचारलं तर अँजिओप्लास्टी झालेली, क्लोपिडोग्रेल चालू. आधीच्या भेटीच्या कागदावर याबद्दल अवाक्षर नव्हतं. आजींच्या लेखी ती गोळी हृदयाची, दाताशी तिचा काय संबंध! आणि हिरड्यांची खोली मोजायची तर एका दाताभोवती सहा ठिकाणी प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) लावायचा. २८ दात धरले तरी १६८ आकडे. हाताने कोण लिहिणार? बाबा 'हिरड्या सैल' लिहून मोकळे होतात.

दोन्ही सांभाळणारं कोणी आहे का इथे? ग्लोव्हज घालून मला टॅबला हात लावता येत नाही. असिस्टंट मुलगी चुणचुणीत आहे, पण माझ्या बोलण्याच्या वेगाने तिला रकाने सापडत नाहीत.

प्रतिसाद – नेरूळची दाढ

मीही दंतवैद्य. ते आधीच भरलेलं 'नॉर्मल' आजच्या आज बंद करा. आमच्याकडे प्रत्येक रकान्याला तीन पर्याय आहेत: पाहिलं नाही, पाहिलं आणि ठीक, पाहिलं आणि वेगळं. सुरुवात 'पाहिलं नाही'पासून होते. 'वेगळं' दाबलं की लिहायची चौकट उघडते, ती भरल्याशिवाय पान पुढे जात नाही. चट्ट्याला टिक पुरत नाहीच. जागा, मिलिमीटरमध्ये आकार, खरवडून निघतो का, हे शब्दांतच लिहावं लागतं. शिवाय फोटो. गुटखा खाणाऱ्यांचं तोंड किती उघडतं तेही पट्टीने मोजा; तीन बोटं म्हटलं तर कोणाची बोटं?

आणि एक, दातांचे नंबर तपासा. आमचं पहिलं ॲप अमेरिकन होतं. आपल्याकडे १६ म्हणजे वरची उजवी पहिली दाढ, त्यांच्याकडे १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. आमच्या हे महिनाभराने लक्षात आलं. त्या महिन्यात १६ नंबर काढायची वेळ आली नाही, एवढंच नशीब.

प्रतिसाद – ऐरोलीचा कोडवाला

'सगळे नॉर्मल' हे बटण डॉक्टर मंडळीच आग्रहाने मागून घेतात हो, शिव्या मात्र आम्हाला! असिस्टंटसाठी एक सुचवतो. तुमचा आरसा तोंडात ज्या क्रमाने फिरतो, त्याच क्रमाने रकाने लावून घ्या. तुम्ही उजव्या गालापासून सुरू करत असाल तर पडद्यावरही पहिला उजवा गाल. मग तिला शोधावं लागणार नाही.

प्रतिसाद – कोर्ट नाका

वकिली बाजू. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलं आहे, आणि तक्रारीला साधारण दोन वर्षांची मुदत असते. कागद की टॅब यापेक्षा नोंद कधी झाली, कोणी केली, नंतर बदलली का, हे महत्त्वाचं. कागदावर चुकलं तर एका रेघेने खोडा, शेजारी सही-तारीख. व्हाइटनर अजिबात नको. टॅबवर जुनी नोंद मागमूस न ठेवता पुसता येत असेल तर ते ॲप बदला. आणि डॉक्टर, सगळ्या टिक एकाच मिनिटाला पडलेल्या दिसल्या तर समोरचा वकील काय विचारेल, हे मी सांगायला नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कोर्ट नाका, तुमचं वाचून लगेच उघडून पाहिलं. काकांच्या त्या दिवशीच्या २२ टिक, सगळ्या ११:४२ च्या.

तीन पर्यायांचं ॲपवाल्यांना कळवलंय. ते म्हणतात करता येईल. तोवर तोंडातला मऊ भाग मी टॅबवर भरणारच नाही, कागदावर दोन ओळी लिहून फोटो काढून जोडते. बाबांनाही ती ११:४२ दाखवली. त्यावर ते काही बोलले नाहीत. रात्री जेवताना फक्त एवढंच विचारलं, "त्याच्यावर मराठीत लिहिता येतं का गं?"