चौथीच्या मुलाचा अनुभव आणि लाल पेन: एका पोस्टला उत्तर

वर्गशिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, यवतमाळ जिल्हा:
शिक्षकांच्या गटात काल एक पोस्ट फिरली. अनुभवलेखनातील प्रत्येक चुकीला लाल गोल करावा, तो शब्द पाच वेळा लिहून घ्यावा आणि खाली ‘शुद्धलेखन सुधारावे’ असा शेरा द्यावा, असे तिच्यात ठामपणे सांगितले होते. ती वाचून मी अस्वस्थ झाले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझ्या वर्गातील एका मुलाने घरची शेळी विकल्याचा प्रसंग लिहिला: ‘बाबांनी शेळी बाजारात नेली. तीनं मागं पाहिलं. मले रडू आलं. मग मी शाळेत गेलो आणी डबा खाल्ला.’ या चार वाक्यांत सांगण्यासारखे सर्व काही आहे, फक्त शेळी दाराबाहेर पडल्यापासून शाळेची घंटा होईपर्यंतचा वेळ मुलाने गाळला आहे. मी समासात एवढेच विचारले, की शेळी नेली तेव्हा तू कुठे उभा होतास आणि बाबा काय म्हणाले. दुसऱ्या खर्ड्यात त्याने अर्धे पान लिहिले. पहिल्याच खर्ड्यावर लाल गोल पडले असते, तर पुढच्या वेळी त्याने चुका टाळण्यासाठी दोनच वाक्ये लिहिली असती.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा:
आपल्या भावना समजल्या. परंतु चूक वेळेवर दाखवली नाही तर ती हाताला बसते. ‘तीनं’ आणि ‘आणी’ सातवीपर्यंत तसेच राहतात आणि मग हायस्कूलचे शिक्षक आम्हा प्राथमिकवाल्यांना दोष देतात. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ आणि १९७२ चे शुद्धलेखनाचे नियम मुलांना शिकवायचे नाहीत, तर कोणाला शिकवायचे?

वर्गशिक्षिका:
नियम शिकवायचेच आहेत, सर. पण ‘आणी’ हे त्या मुलाने नियमच पाळल्याचे लक्षण आहे. मराठी शब्दांचा अंत्य इकार, म्हणजे शेवटची वेलांटी, दीर्घ असतो हे त्याला वर्गात सांगितले होते. ‘आणि’ आणि ‘नि’ हे अपवाद सांगायचे राहिले होते. हे न पाहता गोल केला, तर मुलाला आपली चूक कळते, पण चुकीचे कारण कळत नाही. मी एका लेखनात एकाच प्रकारच्या चुका घेते आणि त्याही दुसऱ्या खर्ड्यानंतर.

पालक, पुणे:
आपण शेऱ्यांबद्दल बोलता, पण आमच्याकडे शेरा तरी कुठे येतो? २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने वर्षभर चालणारे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि मुलाच्या प्रगतीच्या शब्दांतल्या, म्हणजे वर्णनात्मक, नोंदी सुरू झाल्या. माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात ‘स्वतःचे अनुभव सांगते’ अशी नोंद आहे आणि शेजारच्या मुलाच्या पुस्तकातही अक्षरशः तीच आहे. तयार नोंदींची पुस्तके दुकानात मिळतात, हे सर्वांना माहीत आहे. मुलीने आजोबांच्या आजारपणावर लिहिलेले पान ‘छान’ एवढ्या शब्दाने परत आले, तेव्हा ती म्हणाली की बाईंनी वाचलेच नाही.

शिक्षक, नंदुरबार जिल्हा:
मूळ प्रश्न वेगळा आहे. ‘मला’ऐवजी लिहिलेल्या ‘मले’ या बोलीतल्या रूपाला गोल करायचा की नाही, हे कोणी बोलत नाही. माझ्या वर्गात घरी भिली बोलणारी मुले आहेत. शिक्षण हक्क कायदा शक्यतो मातृभाषेतून शिकवावे असे सांगतो आणि आपण मात्र मुलाने आईचे बोलणे जसेच्या तसे लिहिले, तर त्याला अशुद्ध ठरवतो.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा:
हा भावनेचा बाजार झाला. ‘मले’ लिहून शिष्यवृत्ती परीक्षेत कोणी यश मिळवणार आहे का? बोलीचे कौतुक करणाऱ्यांची स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात असतात.

शिक्षक, नंदुरबार जिल्हा:
माझी दोन्ही मुले मी शिकवतो त्याच शाळेत आहेत. असे आरोप माहिती घेऊन करावेत. शिष्यवृत्ती परीक्षेत पर्याय निवडायचे असतात, तिथे मुलाला स्वतःचे एक वाक्यही लिहावे लागत नाही. शिवाय आपण ज्या नियमांचा दाखला देता, तेच नियम पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ हे बोलण्यातील रूप मान्य करतात.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा:
पात्राच्या तोंडी मान्य आहे, निवेदनात नाही. ‘मले रडू आलं’ हे निवेदन आहे.

वर्गशिक्षिका:
अनुभवलेखनात निवेदन करणारा स्वतःच प्रसंगातले पात्र असतो, सर, त्यामुळे ही रेघ इथे सरळ पडत नाही. मी त्याला ‘मला’ हे रूप फळ्यावर दाखवले आणि भित्तिपत्रकासाठी स्वच्छ प्रत करताना कोणते ठेवायचे ते त्याला विचारले. त्याने बाबांच्या आणि स्वतःच्या बोलण्यात ‘मले’ ठेवले, बाकी ठिकाणी ‘मला’ केले.

निवृत्त मुख्याध्यापक, सातारा:
पहिल्या खर्ड्यावर लाल पेन नको, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. मात्र स्वच्छ प्रतीत ‘आणी’ राहता कामा नये. आणि चाळीस वह्या, एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवायचा बहुवर्ग आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम सांभाळून दुसरा खर्डा नियमित कसा घ्यायचा, हे आपण अजून सांगितलेले नाही.

वर्गशिक्षिका:
सर्वांचा दुसरा खर्डा एकाच आठवड्यात मी घेत नाही. दर आठवड्याला एका गटाच्या वह्या वाचते, उरलेली मुले जोडीदाराला लेखन मोठ्याने वाचून दाखवतात आणि जोडीदार एकच प्रश्न विचारतो. एका महिन्यात प्रत्येक मुलाची वही माझ्याकडे एकदा येते. याहून अधिक मला जमत नाही.