गॅस हजारावर, युद्ध चालूच : तुमच्या घरात काय बदललं?

मे २०२२

परवा सिलिंडर आला. मी पाचशेच्या दोन नोटा पुढे केल्या आणि सवयीने सुट्ट्यांसाठी हात तसाच धरून उभी राहिले. तो मुलगा म्हणाला, "काकू, अजून अडीच रुपये द्या."

२४ फेब्रुवारीला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं. आपल्याकडे पेट्रोल-डिझेलचे भाव ४ नोव्हेंबरपासून थिजलेले होते, ते २२ मार्चला सुटले. ६ एप्रिलपर्यंतच्या १६ दिवसांत १४ वेळा वाढले, लिटरमागे १० रुपये. मुंबईत पेट्रोल १२०.५१ झालं. २१ मे रोजी केंद्राने उत्पादन शुल्क कमी केलं तेव्हा ते १११.३५ वर उतरलं, आणि आम्ही सगळे "चला, स्वस्त झालं" म्हणून मोकळे! सूर्यफुलाचं तेल युक्रेनमधून येतं हे तर मला वाण्याकडे पिशवीचा भाव ऐकून कळलं.

रोज रात्री बातम्यांत पडलेल्या इमारती बघायच्या आणि सकाळी पंपावरचा आकडा. दोन्हींपुढे सारखंच हतबल वाटायला लागलं, म्हणून हा धागा. या दिवसांत घरात, प्रवासात, शेतात कोणत्या "हिरव्या सवयी" लावून घेतल्यात, काय बदललंत? कशाने जरा बरं वाटलं? दोनच अटी. महागाई कोणामुळे, यावर इथे भांडायचं नाही. त्याला बाकीचं जग मोकळं आहे. आणि फसलेला प्रयोगही लिहायचा.

सुरुवात माझ्यापासून, ठाण्यातून. माझ्याकडे लग्नातली एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्या तळाशी जुनी गोधडी, चारी बाजूंनी फाटक्या साड्यांचे बोळे आणि वर एक उशी. वरण, मुगाची खिचडी, मटकी, जे काही असेल ते घट्ट झाकणाच्या पातेल्यात १० मिनिटं खळखळून उकळायचं आणि झाकण न उघडता ट्रंकेत ठेवून वर उशी दाबायची. तीन तासांनी डाळ बोटाने चेपली जाते. पातेलं मात्र गळ्याशी भरलेलं हवं. अर्ध्या पातेल्याची ऊब टिकत नाही. वाढण्याआधी पुन्हा एक उकळी द्यायची. राजमा यात करू नका, तो पुरता शिजला नाही तर पोटाला बाधतो. सिलिंडर ३३ दिवस जायचा, तो या खेपेला ४१ दिवस गेला. नवरा ट्रंकेला "तिजोरी" म्हणतो.

डोंबिवली

माझं फार काही नाही. स्टेशनपर्यंत स्कूटर नेत होते, ती बंद केली. २० मिनिटं चालते. वाटेत एक बाई गजरे विकतात. आठ वर्षं त्याच रस्त्याने गेले, पण त्या मला दिसल्या नव्हत्या.

परभणी

पेट्रोलच्या बातमीत आमच्या गावाचं नाव हमखास असतं. मनमाडहून टँकर येतो, वाहतुकीचा खर्च चढतो. एप्रिलात १२३ च्या वर गेलो होतो आम्ही.

माझी शाळा २२ किलोमीटरवर. त्यात एसटीचा संप, म्हणजे मोटारसायकलशिवाय इलाज नाही. आम्ही तिघा गुरुजींनी ठरवलं की दोन गाड्यांवर तिघं जायचं, म्हणजे रोज एक गाडी घरी. तिघांत एक सर असे आहेत की त्यांचं आवरणं म्हणजे लग्नाचं आवरणं. पहिला आठवडा निव्वळ कुरबुरीत गेला. पुढे त्यांच्या घरी वाट बघताना चहा मिळायला लागला, मग आम्हीच लवकर जायला लागलो.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट असतो. संपाच्या काळात तो पास नुसता दप्तरात पडून होता. पलीकडच्या वाडीवरच्या दोघी जणी नोव्हेंबरपासून यायच्याच बंद झाल्या. बापाकडे गाडी आहे, पण रोज पोरींना सोडायला पेट्रोल कुठून आणायचं? उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हा म्हणून सांगितलं आणि गाड्या सुरू झाल्या. आमच्या फाट्यावर पहिली एसटी आली तेव्हा त्या दोघी खिडकीत बसलेल्या. परीक्षा तोंडावर, अभ्यास शून्य, पण आल्या. मीही आता एसटीनेच जातो. उभं राहावं लागतं. राहतो.

मिरज

वय वर्षे ७६. "हिरव्या सवयी" हा शब्द वाचून थोडं हसू आलं, राग मानू नये.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत जगात तेलाचा भाव चौपट झाला. आपल्याकडे पेट्रोल वाढलं म्हणून वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. आम्हाला पेट्रोलचं काय, सायकल होती. आमचं अडायचं ते रॉकेलवर. मग घराघरांत भुशाची शेगडी परत आली.

तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. पत्र्याचा डबा घ्यायचा, खाली कडेला एक भोक. डब्यात मधोमध काचेची बाटली उभी करायची, भोकातून एक गोल लाकूड आडवं सारून बाटलीला टेकवायचं. वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा सभोवती घालून मुठीने ठासत ठासत वरपर्यंत भरायचा. मग लाकूड काढायचं आणि बाटली हलके फिरवत उपसायची. हे काम माझ्याकडे असे. हात जरा हलला की भुसा ढासळलाच, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. जमलं तर मात्र खालून चिंधी पेटवली की दोन-अडीच तास फुंकर न घालता शेगडी जळत राही. भाकऱ्या होत, वरण होई, शेवटच्या धगीवर अंघोळीचं पाणी.

लाकूडफाटा वाचे, रॉकेल वाचे. सगळं खरं. पण आईचे डोळे वर्षभर लाल असत आणि खोकला तिला शेवटपर्यंत पुरला. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा पुन्हा रॉकेलच्या रांगा लागल्या. तोवर आमच्याकडे गॅस आला होता. शेगडी माळ्यावर होती, तरी आईने ती खाली काढू दिली नाही. म्हणाली, "दोन वेळा भात खाऊ, पण तो धूर नको."

म्हणून ट्रंकवाल्या बाईंना माझा दंडवत. त्यांच्या काटकसरीत धूर नाही.

श्टुटगार्ट, जर्मनी

मिरजेच्या काकांचं वाचून लिहायला बसले, नाहीतर नुसतीच वाचत होते.

इथे मार्चमध्ये डिझेल लिटरला दोन युरोच्या वर गेलं. दुकानात सूर्यफुलाच्या तेलाचे कप्पे रिकामे आणि खाली चिठ्ठी, माणशी एक-दोनच बाटल्या. फोडणीशिवाय ज्यांचा दिवस जात नाही त्यांनी काय करावं! राईच्या जातीतल्या रेप्सचं तेल मिळत होतं, त्यावर भागवलं. आता १ जूनपासून तीन महिने नऊ युरोत महिनाभर देशभरच्या लोकल गाड्या, बस, ट्राम असं तिकीट मिळणार आहे. नवऱ्याने गाडीची किल्ली समारंभपूर्वक खुंटीला लावली. पाऊस पडला की कळेल.

आमच्या खालच्या मजल्यावर एक ८४ वर्षांच्या आजी राहतात. त्यांच्याकडे एप्रिलपासून एक युक्रेनी आई आणि तिची सहा वर्षांची मुलगी आहेत. आजींना युक्रेनी येत नाही, तिला जर्मन येत नाही, माझं जर्मन हे असं. आम्ही तिघी फोनमधल्या भाषांतरावर बोलतो आणि मुलगी आम्हाला हसते.

एकदा मी आजींना या धाग्यातल्या ट्रंकेचा फोटो दाखवला. त्या उठल्या, तळघरात गेल्या आणि एक लाकडी खोका घेऊन आल्या. आत गवत भरायची जागा, मधे भांड्याचा गोल खळगा. याला इथे कोखकिस्टे म्हणतात, स्वयंपाकाची पेटी. दोन्ही महायुद्धांत घरोघरी होती. त्यांची आई सकाळी बटाट्याचं सूप उकळून त्यात ठेवायची आणि दिवसभर ढिगारे उपसायच्या कामाला जायची. शाळेतून आल्यावर पेटी आधी उघडायची नाही हा नियम होता. आजींनी एकदा मोडला आणि मार खाल्ला. हे सांगताना त्या खळखळून हसल्या आणि मग गप्प झाल्या.

त्या युक्रेनी बाईने पेटीवरून हात फिरवला. फोनमध्ये काहीतरी टाईप केलं. भाषांतर आलं : "माझ्या आजीकडे उशी होती."

आता पेटी वापरात आहे. मी त्यात छोले केले. रात्रभर भिजवलेले, २० मिनिटं उकळून, पुढे पाच तास. थोडे दातात आलेच. मुलीने फक्त भात खाल्ला.

घाटकोपर

रिक्षा चालवतो. लोकांना वाटतं सीएनजीवाले मजेत. १ एप्रिलला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, किलो ६० ला आला, पेढे वाटायचे बाकी होते. महिना संपेस्तोवर ७६. सिग्नलला इंजिन बंद करतो, टायरमधली हवा दर सोमवारी बघतो. आधी कंटाळा करायचो. बाकी आम्ही काय कमी करणार? रिक्षा फिरली नाही तर घर फिरतं.

जुन्नर

नांगरटीचा एकरी भाव ट्रॅक्टरवाल्याने वाढवला, त्याचंही चूक नाही, डिझेल त्याला कोण फुकट देतंय. फेसबुकवर एक जण सांगत होता, परत बैल घ्या. त्याला म्हटलं, ये, वैरणीचा भाव विचारून जा.

आमच्यात बदललं ते पाणी. कुसुम योजनेतून सौरपंप बसला गेल्या वर्षी. आधी लाईट रात्रीची यायची. उसाला पाणी द्यायला रात्री दोनला बॅटरी घेऊन जायचं, आणि आमच्याकडं उसात बिबट्या असतोच. मंडळी दारात उभी राहायची मी परत येईपर्यंत. आता ऊन आलं की पंप चालतो, ढग आले की दमतो. डिझेल इंजिन शेजाऱ्याच्या गोठ्यात ठेवलंय, पावसाळ्यात लागतंच. पर्यावरण वगैरे आपल्याला फार कळत नाही. रात्रीची झोप लागते, एवढं कळतं.

नागपूर

फसलेला प्रयोग लिहायला सांगितलात ना, मग घ्या.

मे महिना, ४५ डिग्री, ऊन फुकटात वाया जाऊन राहिलं होतं. सौर चूल काढली, ती पेटीवाली, वर काच, झाकणाला आरसा, आत काळे डबे चार. एकात वरण, एकात तांदूळ, एकात भरताचं वांगं, चौथा शेंगदाणे भाजायला. गच्चीवर ठेवली. नियम असा की अर्ध्या-पाऊण तासाने उन्हाकडे तोंड फिरवायचं. मी फिरवलं आणि खाली आली. पाच मिनिटांत समोरच्या बिल्डिंगमधले काका बाल्कनीत उभे राहून ओरडून राहिले. आरशाचा कवडसा थेट त्यांच्या टीव्हीवर, आणि आदल्या रात्रीच्या आयपीएल मॅचच्या रिपीटमध्ये शेवटची ओव्हर!

सोसायटीची मीटिंग झाली. "गच्ची सार्वजनिक आहे" यावर पाऊण तास. शेवटी ठरलं की चूल टाकीच्या मागे ठेवायची. तिथे दुपारी एकनंतर टाकीचीच सावली येते. वरण झालं, भात अर्धा कच्चा, शेंगदाणे मात्र असे खमंग की विचारू नका. आता फक्त शेंगदाणे आणि रवा भाजते. काकांना वाटीभर नेऊन दिले. ते म्हणाले, पोहेही कुरकुरीत होतील का? त्यांचे पोहे परवा ठेवून दिले.

लातूर

मी खारकीव्हला मेडिकलला होतो. चौथं वर्ष. लिहू की नको असं चाललं होतं.

२४ तारखेच्या पहाटेपासून आम्ही मेट्रोच्या स्टेशनात आणि होस्टेलच्या तळघरात. वीज कधी जाईल सांगता येत नव्हतं म्हणून फोन दिवसातून दोनदाच चालू करायचा, एकदा घरी "ठीक आहे" लिहायला आणि एकदा दूतावासाची सूचना बघायला. एका बाटलीत दिवस काढायचा. २ मार्चला सूचना आली, संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, गाडी नसेल तर चालत निघा. शहराबाहेरच्या पिसोचिन गावापर्यंत चाललो. बर्फ होता. पुढे पश्चिमेची सरहद्द, मग आम्हाला परत आणणाऱ्या सरकारी मोहिमेचं, ऑपरेशन गंगाचं विमान.

घरी आल्यावर आई पंखा लावायची आणि मी उठून बंद करायचो. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की छातीत धडधडायचं. याला सवय म्हणायचं का मला माहीत नाही. आता कमी झालंय.

बरं वाटलं ते एका गोष्टीने. मार्च सरता सरता ऑनलाईन लेक्चर सुरू झाली. आमच्या फार्माकॉलॉजीच्या मॅडम कुठल्याशा तळघरातून शिकवत होत्या. मागे भिंतीला पाईप, एक मांजर. पहिल्या दिवशी त्यांनी हजेरी घेतली. सगळी नावं, क्रमाने. जे आले नव्हते त्यांच्या नावापाशी थांबल्या, मग पुढचं नाव. तास पूर्ण घेतला. शेवटी म्हणाल्या, पुढच्या वेळी डोस पाठ करून या, सवलत नाही.

ट्रंकवाल्या काकूंना एक विचारायचं होतं. आई मामाकडे गेलीय, मी आणि आजोबा दोघंच आहोत. दोघांपुरत्या खिचडीला पातेलं भरत नाही, मग काय करायचं?

ठाणे

लहान पातेलं घे रे राजा. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, सहा वाट्या पाणी, एवढ्यात ते गळ्याशी येईल. ट्रंक नको, बादली चालते. आजोबांची जुनी शाल घाल भोवती. फोडणी आधीच दे, मीठही. १० मिनिटं उकळ, दोन तास ठेव, वाढताना एक उकळी.

आणि मध्ये उघडून बघू नकोस. आजींनी मार खाल्लाय.