मदत हवी आहे: ‘दशावतार’ चित्रपटानंतर मूळ खेळ कुठे पाहावा?

नमस्कार. सप्टेंबर 2025 मध्ये प्रदर्शित झालेला, सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ मी चित्रपटगृहात पाहिला. दृष्टी अधू होत चाललेला, तरीही रंग लावल्याशिवाय चैन न पडणारा दशावतारी नट बाबुली मेस्त्री दिलीप प्रभावळकरांनी ज्या ताकदीने उभा केला आहे, त्यासाठी तरी तो मोठ्या पडद्यावरच पाहावा असे माझे मत आहे. उत्तरार्ध मात्र मला काहीसा ताणलेला वाटला. पूर्वार्धातील बापलेकांचे साधे प्रसंग अधिक भिडले. (घरच्यांचे मत नेमके उलटे आहे.)

आता दशावतार हे कोकणातील लोकनाट्य प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा आहे. आडदशावतारातील (म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या पूर्वरंगातील) गणपती आणि संकासुर, त्यानंतरचे आख्यान (मुख्य पौराणिक कथानक) आणि लिखित संहितेवाचून रंगणारे संवाद हे सारे रात्रभर बसून अनुभवायचे आहे, त्यामुळे शहरातील सभागृहात होणारा आटोपशीर प्रयोग नको. सिंधुदुर्गात जत्रांच्या हंगामात कोणत्या गावी जावे, तिथींची खात्रीशीर माहिती आधी कोठे मिळते आणि वयस्कर आईला सोबत नेल्यास बसण्याची व मुक्कामाची सोय कशी होते, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मालवणी फारशी न समजणाऱ्या प्रेक्षकाला कोणते आख्यान सोपे जाईल, हेही सुचवावे.