फॅन्टसी फुटबॉल : मोसमाच्या मध्येच कुणी टीम सोडून दिली तर तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत आमच्या ओळखीतल्या बारा घरांची फॅन्टसी फुटबॉल लीग आहे. फुटबॉल म्हणजे इथलं अमेरिकन, एनएफएल या व्यावसायिक लीगचं. प्रत्येक जण खऱ्या खेळाडूंची आपली टीम करतो, त्यांच्या खऱ्या सामन्यातल्या खेळावर गुण मिळतात आणि दर आठवड्याला दोघादोघांच्या टीमची गाठ पडते. आठ वर्षं झाली, कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, मीच आहे. लेबर डेच्या शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये ड्राफ्ट होतो (आळीपाळीने खेळाडू निवडायचे), प्रत्येकी ५० डॉलर जमा होतात आणि मग जानेवारीपर्यंत आमचे रविवार त्यात जातात. २०२४ च्या मोसमात जे झालं ते अजून मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

त्या वर्षी पहिला पिक (निवडीचा हक्क) ज्या मित्राला लागला त्याने ख्रिश्चन मॅकॅफ्री या नामांकित खेळाडूला घेतलं. कुणीही तेच केलं असतं. ९ सप्टेंबरला, सोमवार रात्रीच्या सामन्याच्या दीड तास आधी, तो खेळणार नाही हे कळलं, आणि पुढे तो थेट जखमींच्या यादीत गेला. मित्राने हार मानली नाही. मॅकॅफ्रीला आयआरच्या, म्हणजे जखमींसाठी राखीव खणात टाकलं, वेव्हरवरून (कुणाच्याच टीममध्ये नसलेल्या खेळाडूंतून) माणसं उचलली, पाचातले दोन सामने जिंकले. सहाव्या आठवड्यापासून मात्र त्याची लाइनअप (त्या आठवड्याला खेळवायच्या खेळाडूंची यादी) हलेना. १० नोव्हेंबरला मॅकॅफ्री मैदानात परतला, तरी आमच्या मित्राच्या टीममध्ये तो आयआरच्या खणातच पडून. बाराव्या आठवड्यात सहा संघ एकदम बायवर होते, म्हणजे त्यांचा सामनाच नव्हता. त्यात बिल्सही होते, म्हणजे त्याचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन. लाइनअपमध्ये ॲलनच्या नावापुढे शून्य. बेंगॉल्सही बायवर, त्यामुळे जमार चेसपुढेही शून्य. बेंचवर दोन धडधाकट रिसीव्हर बसलेले.

तो सामना तो ५७ गुणांनी हरला. ज्याच्याशी हरला तो त्या एका विजयावर सहावा येऊन प्लेऑफला (शेवटच्या बाद फेरीला) गेला. सातव्या नंबरवर राहिली ती आमची एक ताई. तिची याच मित्राशी गाठ तिसऱ्या आठवड्यात पडली होती, तो पूर्ण ताकदीने खेळत असताना, आणि ती साडेचार गुणांनी हरली होती. ती एका शब्दाने काही बोलली नाही. पण स्वतःची टीम सोडून देणारा फक्त स्वतःचं नुकसान करत नाही, हे मला तेव्हा कळलं. कुणाची त्याच्याशी गाठ सप्टेंबरात पडते आणि कुणाची नोव्हेंबरात, यावर सगळ्यांचं वर्ष ठरतं.

मी रागाच्या भरात ग्रुपवर लिहिलं, "खेळायचं नसेल तर तसं सांग, पैसे परत देतो." तासाभराने त्याच्या बायकोचा फोन आला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो सांगलीला गेला होता. वडील आयसीयूत. आमचा रविवारचा एकचा सामना तिथे रात्री साडेदहाला सुरू होतो, नोव्हेंबरात घड्याळं बदलली की साडेअकराला, आणि त्या वेळी तो हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसलेला असायचा. मला काय वाटलं असेल ते लिहीत नाही.

तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत? नियम आहे का? कमिशनरने दुसऱ्याच्या लाइनअपला हात लावावा का? मनमोकळं लिहा.

*

डॅलसहून

आमची ऑफिसातली लीग आहे, दहा टीम. दरवर्षी एक तरी जण पैसे भरतो, ड्राफ्टला येतो आणि हॅलोविनपर्यंत दिसेनासा होतो. तीन वर्षं भांडणं झाली, मग नियम लिहून काढला, ड्राफ्टच्या आधी, सगळ्यांच्या होकारासह. बायवरचा किंवा बाद जाहीर झालेला खेळाडू लाइनअपमध्ये राहिला तर पहिल्यांदा फोन. मेसेज नाही, फोन. सलग दुसऱ्या आठवड्यात तेच झालं तर त्याची लाइनअप कमिशनर लावतो. पण स्वतःच्या मनाने नाही. ॲपवर प्रत्येक खेळाडूपुढे अपेक्षित गुण असतात, त्यातले सगळ्यात वरचे लावायचे, गुरुवारचा सामना सुरू व्हायच्या आधी, आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा. त्या आठवड्यात कमिशनरचाच सामना त्या टीमशी असेल तर लाइनअप दुसरा कुणीतरी लावतो.

"अपेक्षित गुण" ही अट फार महत्त्वाची आहे. ती नव्हती तेव्हा आमच्या कमिशनरने एकदा बेंचवरचा टाइट एंड आत घेतला, त्याने दोन टचडाउन मारले, आणि जो हरला तो वर्षभर म्हणत राहिला की मला मुद्दाम पाडलं. मुद्दाम नव्हतं. पण ते सिद्ध कसं करणार?

*

टोरांटोहून

मी याच्या विरुद्ध आहे आणि का ते सांगतो. दुसऱ्याच्या टीमला कुणीच हात लावू नये. रिकामी लाइनअप हा योगायोग असतो, कुणाची गाठ कधी पडते तो नशिबाचा भाग. कमिशनरचा हात लागला की तो निर्णय होतो आणि निर्णयाला माणूस जबाबदार धरला जातो. आमच्याकडे एकाच लाइनअपवरून दोन घरांचं येणंजाणं बंद झालं. गणपतीला एकमेकांकडे जाणारी माणसं. दोन वर्षं लागली ते सुरळीत व्हायला. तेव्हापासून आमचा नियम एकच : जो गायब झाला त्याला पुढच्या वर्षी बोलवायचं नाही. चालू मोसम आहे तसा संपवायचा.

*

शिकागोहून

मी नर्स आहे आणि गायब होणारी टीम माझीच होती, तर ती बाजूही लिहिते.

आमच्या वेळेनुसार रविवारचे पहिले सामने दुपारी बाराला. कोण खेळणार नाही याची शेवटची यादी साडेदहाला येते. माझी शिफ्ट सकाळी सात ते संध्याकाळी सात, एक रविवार सोडून एक. साडेदहाला मी औषधांची ट्रॉली घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत असते, फोन लॉकरमध्ये. शनिवारी रात्री लावलेल्या लाइनअपमधला माणूस सकाळी बाद झाला तर मला ते संध्याकाळी गाडीत बसल्यावर कळायचं. असं चार वेळा झालं. ग्रुपवर "ताईंना इंटरेस्ट नाही" अशी कुजबुज सुरू झाली. आणि खरं सांगते, ०-५ झाल्यावर माझाही जीव उडाला. मग शिफ्ट नसलेल्या रविवारीसुद्धा ॲप उघडेनाशी झाले.

दोन गोष्टींनी मी परत आले. एक, आमच्या कमिशनर काकांनी घरी येऊन विचारलं, "अडचण काय आहे?" आणि माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला माझ्या टीमचा भागीदार म्हणून जोडलं. आता शिफ्टच्या रविवारी यादी तो बघतो. साडेदहाला उठतो बिचारा, एरवी बारापर्यंत झोपणारा मुलगा. दुसरं, त्यांनी जमा पैशांतून दर आठवड्याच्या सगळ्यात जास्त गुणांना १० डॉलर ठेवले. टीम तळाला असली तरी एखाद्या आठवड्यात ते मिळू शकतात. मला अकराव्या आठवड्यात मिळाले. ती दहाची नोट अजून फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे.

*

कोल्हापूरहून

आमचा फुटबॉल वेगळा, पण दुखणं तेच. पेठेतल्या वीस पोरांची इंग्लंडच्या फुटबॉलवरची फॅन्टसी प्रीमियर लीग आहे, समोरासमोर सामन्यांची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील नि दिलबहार तालमींची मॅच बघत बघतच ही लीग ठरली होती.

आमच्या खेळात एक फरक आहे. तिकडे एक खेळाडू एकाच टीममध्ये असतो ना? आमच्याकडे हालांडसारखा खेळाडू वीसही जणांकडे असू शकतो. त्यामुळे सोडून दिलेली टीम कुणाचा खेळाडू अडवून ठेवत नाही. शिवाय अकरातला एखादा अजिबात खेळलाच नाही तर बेंचवरचा आपोआप आत येतो. म्हणून नुसत्या गुणांच्या लीगमध्ये कुणी गायब झाला तरी बाकीच्यांना फरक पडत नाही. समोरासमोरच्या लीगमध्ये पडतो.

आमची पोरं गायब व्हायचं कारण बऱ्याचदा वेळ असते. पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी बदल बंद होतात. पहिला सामना शुक्रवारी रात्री असला की आपल्याकडे ते रात्री अकराला, हिवाळ्यात बाराला बंद. शनिवारचा असला तर हिवाळ्यात दुपारी साडेचार. मार्चअखेर इंग्लंडची घड्याळं पुढे गेली की तेच साडेतीन होतं, आणि त्या आठवड्यात निम्मी पोरं हुकतात. दोनदा हुकलं की पोरगं म्हणतं, "जाऊ दे आता." उपाय साधा केला : दर आठवड्याची आपली वेळ एक जण दोन दिवस आधी ग्रुपवर टाकतो आणि तीन तास आधी परत एकदा. भावांनो, या एका गोष्टीने सोडून दिलेल्या टीम सातावरून दोनवर आल्या.

*

फ्रीमाँटहून

डायनॅस्टी लीगवाल्यांसाठी लिहितो, कारण तिथे ही गोष्ट एका मोसमापुरती राहत नाही. टीम वर्षानुवर्षं तीच, दरवर्षी फक्त नवख्यांचा ड्राफ्ट. आमच्याकडे एकाने "याच वर्षी जिंकायचं" म्हणून पुढच्या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देऊन तिशीतले खेळाडू घेतले. जिंकला नाही. डिसेंबरात ग्रुप सोडून गेला. मागे राहिली ती म्हातारी टीम, तिला पुढे पिक नाहीत, आणि ती कुणी घ्यायला तयार नाही. अशा टीमला इथे सगळे अनाथ टीमच म्हणतात. तिची पानं चाळताना खरंच वाईट वाटतं.

तेव्हापासून नियम : पुढच्या वर्षीचा पिक ट्रेड करायचा (देवघेवीत द्यायचा) असेल तर पुढच्या वर्षीचे पैसे आत्ताच भरायचे. पैसे अडकले की माणूस विचार करून ट्रेड करतो, आणि गेलाच तर नव्या माणसाला ती टीम पहिल्या वर्षी फुकट देता येते. आम्ही तसंच केलं. एकदा दोन टीम एकदम अनाथ झाल्या, तेव्हा दोन्हींचे सगळे खेळाडू आणि पिक एकत्र केले आणि दोन नव्या माणसांनी त्यातून आळीपाळीने निवडले. दोघंही आज पाच वर्षांनंतर आहेत. आयती मिळालेली टीम माणूस सोडतो, स्वतः निवडलेली सहसा सोडत नाही.

*

अटलांटाहून

छोटा मुद्दा. काही जण नुसते गायब होत नाहीत, जाताना टीम मोडून जातात. आमच्या मुलांच्या लीगमध्ये प्लेऑफबाहेर गेलेल्या एकाने चिडून आपले सगळ्यात चांगले तीन खेळाडू सोडून दिले आणि वेव्हरवर ते बरोबर त्याच्या जिगरी दोस्ताने उचलले. आता प्लेऑफबाहेर गेलेली टीम आम्ही लॉक करतो. लाइनअप बदलता येते, खेळाडू सोडता येत नाही.

*

धागाकर्ता, न्यू जर्सी

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. टोरांटोच्या दादांचं म्हणणं मला पटत नाही, पण गणपतीचं वाचून थांबलो. आमच्याकडेही तसं होऊ शकलं असतं.

आम्ही २०२५ च्या ड्राफ्टआधी बसून काय ठरवलं ते सांगतो. डॅलसची अपेक्षित गुणांची पद्धत जवळजवळ तशीच ठरली होती, एका आठवड्याच्या सवलतीसकट. प्रत्येक टीमला एक भागीदार सक्तीचा : बायको, नवरा, भाऊ, शेजारी, कुणीही. आणि "मला सध्या जमणार नाही" असं कारण न देता कळवायची मुभा. तसं कळवलं की लाइनअप आपोआप भागीदाराकडे, कुणी काही विचारायचं नाही. आठवड्याचे १० डॉलर आम्ही ठेवले नव्हते, ते आता शिकागोच्या ताईंकडून घेतो.

त्या मित्राला मी डिसेंबरातच फोन केला होता. माफी मागितली. तो म्हणाला, "अरे, तुझा तो मेसेज मी पाहिलाच नव्हता. बायकोने ग्रुप म्यूट केला होता." वडील जानेवारीत गेले. २०२५ च्या ड्राफ्टला तो आला, त्याच्याच घरी ठेवला होता, आणि त्याने भागीदार म्हणून त्या ताईचं नाव लिहून दिलं, जी त्याच्यामुळे सातवी राहिली होती. तिची स्वतःची टीम आहे, त्यामुळे नियमाने ते चालत नव्हतं. आम्ही अर्धा तास वाद घातला. शेवटी तिच्या नवऱ्याचं नाव घातलं.

अजून कुणाचे अनुभव असतील तर लिहा. जखमी खेळाडूंच्या यादीची आठवण आपोआप ग्रुपवर यावी अशी सोय कुणी केली असेल तर तेही सांगा, आमच्याकडे ते काम अजून मीच दर रविवारी साडेअकराला हाताने करतो.