मदत हवी आहे : पडवीच्या लाद्या उचलल्या आहेत
मालवणजवळच्या आमच्या चिरेबंदी घराच्या २४० चौरस फुटांच्या पडवीत जुन्या कोब्यावरच बसवलेल्या लाद्या यंदाच्या पावसाळ्यानंतर मधोमध उचलल्या असून, नाण्याने टकटक केल्यास पोकळ आवाज येतो आणि सांध्यांतून पांढरा क्षार फुलतो. एक कंत्राटदार त्यांवरच नव्या लाद्या चिकटवू म्हणतो, जे मला मुळीच पटत नाही. दुसरा कंत्राटदार कोबा फोडून, खाली जाड प्लास्टिक अंथरून नव्याने काम करण्यास तयार आहे, मात्र निम्मी रक्कम आगाऊ मागतो. चौरस फुटाच्या दरात तोडफोड, राडारोडा उचलणे आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याशी बसवायची लाद्यांची पट्टी) सहसा धरलेले असते का? आगाऊ किती द्यावे? ओल येणाऱ्या फरशीच्या कामाचा अनुभव असलेला, मालवण-कुडाळ परिसरातील गवंडी कृपया सुचवावा. त्याचे दोन पावसाळे टिकलेले काम पाहता आल्यास उत्तम.