पहिली ते चौथीच्या पोरांना खत, पाणी, परसबाग शाळेत शिकवायची का?

कोरेगावकर: भाचीच्या शाळेत पर्यावरणाचा प्रकल्प दिलेला, थर्माकोलवर झाडं चिकटवून आणायची, आणि रात्री जागून केला तिच्या आईनं. काय शिकली पोरगी? माझं म्हणणं, असल्या गोष्टी पोरांनी शाळेतच हातानं करायच्या आणि त्याला वेळापत्रकात तास द्यायचा. शाळेत खिचडी शिजते, भाजीची देठं-सालं निघतात, त्यात वाळका पाला थरावर थर टाकायचा, ओल बेताची ठेवायची, दोन-तीन महिन्यात खत होतं. वास सुटला की समजायचं पाणी जास्त झालंय, अजून पाला घालायचा, तिसरीतल्या पोराला हे कळतं. हात धुतलेलं पाणी चर काढून अळूला सोडायचं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दप्तराविना 10 दिवस आहेत पण ते सहावी ते आठवीला, बारक्यांनी तोवर काय करायचं?

तासगावची आई: अजिबात पटलं नाही. आमची पोरं शाळा सुटली की गोठ्यात आणि रानातच असतात, त्यांना बी टोकायला तुम्ही शिकवणार का? शाळेत पाठवतो ते वाचायला आणि गणिताला, चौथीत जाऊन हातच्याची वजाबाकी येत नाही त्याचं आधी बघा. आणि शाळेत काम म्हटलं की झाडू मुलींच्याच हातात येतो, हे आम्ही बघितलंय.

कोरेगावकर: झाडूचं खरं आहे ताई, म्हणून पाळ्या लावून यादी भिंतीवर पाहिजे, मुलगे-मुली सगळे. पण गणित यातच आहे की! 1 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. शाळेचं छप्पर 10 बाय 6 मीटर धरा, 20 मिलिमीटर पडला की 1200 लिटर, थोडं वाया जाईल ते सोडा. पन्हळीखाली टाकी ठेवून पोरांनाच मोजू दे, गुणाकार डोक्यात बसेल.

माणदेशी: आमच्या दहिवडी-म्हसवडकडं या, पाणी कसं वाचवायचं ते टँकरची वाट बघणारी पोरंच तुम्हाला सांगतील. नदीकाठाला उसाला पाटानं पाणी सोडतेत तिथं शिकवा आधी.

कऱ्हाडकर: अहो पण कर्मवीर भाऊरावांनी 1919 ला आपल्या कऱ्हाडजवळच्या काले गावातच रयत शिक्षण संस्था सुरू केली, स्वावलंबी शिक्षण हेच ब्रीद. कष्ट आणि शिक्षण वेगळं काढायची सवय आपल्याला नंतर लागली.

तासगावची आई: कमवा आणि शिका होतं ते गरिबाच्या पोराला शिकता यावं म्हणून. सात वर्षाच्या लेकराला तेच लावू नका.

जतचा गुरुजी: दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात वरनं येणारी कागदं, आमची अवस्था ही आहे. परसबाग केली तर मे महिन्याच्या सुट्टीत जळते कारण पाणी घालायला कुणी नसतं, म्हणून पाऊस लागला की दोडका-घेवडा, थंडीत मेथी, आणि उन्हाळ्यात वाफे मोकळे, फक्त शेवगा तग धरतो. पोरं आवडीनं करतेत, खोटं नाही सांगत, शाळेत न बोलणारं पोरगं वाफ्यावर बोलायला लागतं. माझा विरोध फोटोला आहे. रोप लावलं की फोटो पाठवा, फॉर्म भरा, मग ते रोप जगलं का मेलं कुणी विचारत नाही.

तासगावची आई: गुरुजी, शनिवारी एक तास करा, वाचन-गणिताच्या तासाला हात लावू नका, आणि प्रकल्पाचं सामान आमच्याकडनं मागायचं नाही. एवढं ठरत असेल तर पालक सभेत मी विरोध करणार नाही.